जाहीरनाम्यातली स्वस्त गोळी पोटात किती विरघळते?

नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत नाशिकमधल्या आमच्या सिडकोत दारोदार पत्रकं वाटली गेली. महाविकास आघाडीच्या आश्वासनांत 25 लाखांचा आरोग्य विमा आणि मोफत औषधं होती. त्याच वर्षी लोकसभेला भाजपने सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारत आणि जनऔषधी केंद्रांचा विस्तार, असं लिहून दिलं होतं. पत्रक वाचून शेजारच्या काकू म्हणाल्या, "फुकट देतील रे, पण ती जेनेरिकच ना? त्यात पॉवर निम्मीच असते."

अंबड एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं गोळ्या तपासल्या. त्यामुळे असं काही ऐकलं की मला गप्प बसवत नाही.

जेनेरिक म्हणजे मूळ कंपनीचं पेटंट संपल्यावर इतरांनी बनवलेलं तेच औषध. पाकिटावर 500 मिलिग्रॅम छापलं असेल तर गोळीत तेवढं औषध असावंच लागतं. फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात, त्याची मर्यादा दिलेली असते आणि ती बहुतेक गोळ्यांना 90 ते 110 टक्क्यांच्या आतलीच असते. निम्मी पॉवर असलेली गोळी म्हणजे स्वस्त गोळी नव्हे, तो गुन्हा आहे.

पण काकूंच्या शंकेत एक खरा प्रश्न दडलेला आहे. गोळीत औषध असणं आणि ते रक्तात पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी. गोळीत औषधाशिवाय स्टार्च, लॅक्टोज, बांधून ठेवणारे आणि फुगणारे पदार्थ असतात. 1968 साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला फिट्सवरचं फेनिटॉइन घेणारे रुग्ण अचानक झोकांड्या खाऊ लागले. कॅप्सूलमधलं औषध तितकंच होतं. बदलला होता फक्त भरणाचा पदार्थ. कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज वापरलं गेलं, औषध जास्त शोषलं गेलं आणि रक्तातलं प्रमाण विषारी पातळीला गेलं. 1971 मध्ये हृदयविकारावरच्या डिगॉक्सिनच्या गोळ्यांतही असंच दिसलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सारख्याच मात्रेच्या गोळ्यांनी रक्तातल्या पातळीत सात पटींपर्यंत फरक पडत होता.

म्हणून प्रयोगशाळेत आधी डिसोल्यूशन, म्हणजे गोळी किती वेळात किती विरघळते, ते बघतात. काचेच्या सहा भांड्यांत प्रत्येकी साधारण 900 मिलिलिटर द्रव, तापमान 37 अंश, मिनिटाला 50 फेऱ्या मारणारं वल्हं, आणि ठरावीक मिनिटांनी काढलेले नमुने. गोळी हळूहळू फुगते, कडा सुटतात, तळाशी भुगा जमतो. हे मी हजारो वेळा पाहिलंय, तरी दर वेळी नजर तिथंच खिळते.

त्यानंतरची परीक्षा माणसांवर, तिला बायोइक्विव्हॅलन्स म्हणतात. निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ औषध आणि काही दिवसांनी जेनेरिक देतात, निम्म्यांना उलट्या क्रमाने. मधल्या दिवसांत पहिलं औषध शरीरातून निघून गेलेलं असतं. ठरावीक वेळांनी रक्त काढून आलेख काढतात. आलेखाचं शिखर म्हणजे कमाल पातळी आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे शरीरात एकूण किती औषध पोचलं. जेनेरिक आणि मूळ औषधाचं या दोन्ही बाबतींतलं गुणोत्तर 80 ते 125 टक्क्यांत यावं लागतं.

इथंच गैरसमज जन्मतो: "म्हणजे 20 टक्के कमी चालतं!" नाही चालत. 80 ते 125 मध्ये नुसती सरासरी नव्हे, तिच्या भोवतीचा 90 टक्के विश्वासाचा अख्खा पट्टा (थोड्या माणसांवरच्या चाचणीत राहणारी अनिश्चितता दाखवणारा) बसावा लागतो. आणि 120 ऐवजी 125 का? कारण हिशोब लॉगॅरिथममध्ये होतो. 100 ला 1.25 ने भागलं की 80, गुणलं की 125. लॉगच्या मोजपट्टीवर दोन्ही टोकं शून्यापासून सारख्याच अंतरावर, उणे 0.223 आणि अधिक 0.223. आता समजा स्वयंसेवक 24 आहेत आणि एकाच माणसात दोन वेळांमधला चढउतार 25 टक्के आहे. पट्ट्याची अर्धी रुंदी लॉगमध्ये साधारण 0.122 येते. सरासरी बरोबर 100 असेल तर पट्टा 88.5 ते 113, पास. सरासरी 90 वर घसरली की पट्ट्याचं खालचं टोक 79.7 वर जातं आणि गोळी नापास. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2,070 चाचण्या तपासून 2009 मध्ये सांगितलं, जेनेरिक आणि मूळ औषधाच्या एकूण शोषणातला सरासरी फरक सुमारे साडेतीन टक्के.

(गोदाकाठी मिळणाऱ्या 'शुगर मुळापासून घालवणाऱ्या' पुडीला यातली एकही परीक्षा द्यावी लागत नाही. सांधेदुखीच्या अशा पुड्यांत गुपचूप मिसळलेलं स्टेरॉइड सापडलंय. शंका घ्यायची तर आधी तिथे घ्या.)

भारतात पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांना बायोइक्विव्हॅलन्सची ही चाचणी एप्रिल 2017 पासून सक्तीची झाली. त्याआधी औषध बाजारात येऊन चार वर्षं झाली की ते 'नवं' राहत नसे आणि पुढचे परवाने राज्यं या चाचणीविना देऊ शकत.

उमेदवार मात्र बोलतात किमतीबद्दल, आणि किंमत राज्याच्या हातात नाही. केंद्राचं औषध किंमत प्राधिकरण 2013 च्या आदेशानुसार आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांची कमाल किंमत ठरवतं: बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँड्सच्या विक्रेत्यांना पडणाऱ्या दराची सरासरी, अधिक 16 टक्के. यात उत्पादनखर्च कुठेच नाही. कच्चा माल मोठ्या प्रमाणावर चीनहून येतो. तो महागला तरी कमाल किंमत एरवी घाऊक किंमत निर्देशांकानुसारच सरकते. मग सातपूर किंवा सिन्नरच्या छोट्या कारखानदारापुढे काटकसरीच्या जागा थोड्याच उरतात, आणि त्यातली एक माझी जुनी प्रयोगशाळा. मला भीती वाटते ती याची. 'निम्म्या किमतीत औषध' ही घोषणा टाळ्या मिळवते, पण निम्म्या पैशांत कोणती चाचणी गाळली जाईल, हे कुणी विचारत नाही.

आमदारकीचा उमेदवार खरोखर करू शकतो ते वेगळं आहे. कारखान्याचा परवाना आणि तपासणी बरीचशी राज्याच्या एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, असते, आणि सरकारी रुग्णालयांची खरेदीही राज्याचीच. तमिळनाडूचं औषध महामंडळ 1994 मध्ये स्थापन झालं. तिथे खरेदी केलेल्या बॅचचे नमुने कंपनीचं नाव झाकून प्रयोगशाळेत जातात, आणि अहवाल आल्यावरच औषध रुग्णालयात पोचतं.

पत्रक द्यायला आलेल्या मुलाला मी एवढंच विचारलं, की तुमच्या मोफत औषधांच्या किती बॅच तपासून मग वाटणार? त्याने प्रश्न मोबाइलमध्ये टिपून घेतला आणि साहेबांना विचारतो म्हणाला. काकूंना मी डिसोल्यूशनची गोष्ट सांगितली. त्यांनी बीपीच्या गोळीची स्ट्रिप आणून दाखवली आणि विचारलं, "ही किती मिनिटांत विरघळते?"