डॉल्फिन आलेला नसतो, तो इथेच राहतो

पावसाळा सरला, समुद्र जरा शांत झाला की व्हिडिओ फिरू लागतात. कोणी सकाळी किनाऱ्यावर चालायला गेलेले असते, कोणी लाँचच्या कठड्याशी उभे असते, आणि समोरच्या पाण्यातून एक करडी पाठ वर येऊन दिसेनाशी होते. दुसऱ्या दिवशी बातमी येते की डॉल्फिनने किनाऱ्याला भेट दिली. जणू तो पाहुणा आहे आणि लांबचा प्रवास करून आपल्याला दर्शन द्यायला आला आहे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत बहुतेक वेळा दिसतो तो हम्पबॅक डॉल्फिन. पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर लहानसा पर, ही त्याची ओळख. शास्त्रीय नाव सूसा प्लम्बिया, म्हणजे शिशाच्या रंगाचा. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी १८२९ मध्ये त्याचे वर्णन केले, तेही मलबारच्या किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून. दक्षिण आफ्रिकेपासून अरबस्तानच्या कडेकडेने भारतापर्यंत तो पसरलेला आहे, पण पसरला आहे तो एका चिंचोळ्या पट्ट्यात. साधारण २५ ते ३० मीटरपेक्षा खोल पाण्यात तो क्वचितच जातो. खाडीची तोंडे, बंदरांचे परिसर, उथळ उपसागर हेच त्याचे घर. किनाऱ्यापासून दूर त्याचे दुसरे बिऱ्हाड नाही.

म्हणूनच २०२०च्या टाळेबंदीत ‘माणूस घरात बसला आणि डॉल्फिन परतले’ असे जे सांगितले गेले ते मला फार खटकले. व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन शिरल्याचा तेव्हाचा गाजलेला व्हिडिओ मुळात व्हेनिसचा नव्हताच, तो सार्डिनिया बेटावरच्या बंदरातला होता. आपल्याकडचे डॉल्फिन तर कुठे गेलेच नव्हते. असल्या गोड बातम्यांनी नुकसान होते ते असे, की जो प्राणी वर्षभर आपल्या सांडपाण्यात, जाळ्यांत आणि इंजिनांच्या आवाजात जगतो आहे त्याचे सगळे ठीक चालले आहे, असे आपण समजून बसतो.

मग तो रोज का दिसत नाही? त्याचे वर येणे नीट पाहिले की उत्तर मिळते. आधी लांब चोच तिरकी बाहेर येते. फुस्स करून फवारा उडतो, त्याच क्षणी श्वास आत ओढला जातो, पाठीची कमान होते, पर दिसतो आणि संपले. दोन-तीन वेळा असे झाले की बुडी, आणि पुढची काही मिनिटे पाण्यावर काहीही नाही. आपल्या वाट्याला येतो तो फक्त त्याचा श्वास. उरलेले सारे आयुष्य गढूळ पाण्याखाली चालते.

तिथे डोळ्यांचा उपयोग थोडा. खाडीच्या गाळाने भरलेल्या पाण्यात हातभर अंतरावरचे दिसत नाही, आणि तरीही हा प्राणी चपळ मासे पकडून पोट भरतो. हे जमते ते आवाजामुळे. जीवशास्त्रात इतकी देखणी यंत्रणा मला दुसरी माहीत नाही.

डोक्यावरच्या श्वासछिद्राखाली, नाकाच्या मार्गात, मांसल ओठांच्या दोन जोड्या असतात. फुगवलेल्या फुग्याचे तोंड ताणून धरले की हवा बाहेर पडताना ते फडफडते, तसेच काहीसे इथे होते, पण हा फटकारा कमालीचा नेमका असतो. ओठ उघडून मिटले की एक ‘क्लिक’ निघते. हवा वायाही जात नाही. ती वरच्या पिशव्यांत साठते आणि पुन्हा खाली घेतली जाते, त्यामुळे श्वास रोखलेला असतानाही आवाज काढता येतो.

एक क्लिक सेकंदाच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढी छोटी असते आणि तिची वारंवारता एक लाख हर्ट्झच्याही वर जाते. आपले कान वीस हजारांपाशी थकतात. इतका उंच आवाज कशाला? शाळेतले सूत्र आठवा: वेग भागिले वारंवारता म्हणजे तरंगलांबी. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. १,२०,००० हर्ट्झचा आवाज घेतला तर तरंगलांबी येते सव्वा सेंटिमीटर. २००० हर्ट्झच्या शिट्टीची तरंगलांबी पाऊण मीटर भरते. तरंगलांबीपेक्षा बरीच लहान वस्तू वाटेत आली तर लाट तिला वळसा घालून निघून जाते, प्रतिध्वनी जेमतेम उठतो. वीतभर मासा शोधायचा तर लाट बोटाच्या पेरापेक्षा मोठी असून चालत नाही.

ही क्लिक चहूकडे फेकून भागत नाही, तिचा झोत करावा लागतो. डॉल्फिनच्या फुगीर कपाळात मेंदू नसतो, चरबीचा गोळा असतो. त्याच्या गाभ्यात ध्वनीचा वेग कमी आणि कडेला जास्त असतो. त्यामुळे लाटा आतल्या बाजूला वळतात आणि एक अरुंद झोत पुढे निघतो. हे ध्वनीचे भिंगच आहे. ही चरबी शरीरातल्या इतर चरबीपेक्षा वेगळी असते, आणि उपासमारीने खंगलेला डॉल्फिनसुद्धा ती जाळून वापरत नाही.

आता प्रतिध्वनी. माशाचे मांस ध्वनीच्या दृष्टीने जवळजवळ पाण्यासारखेच, म्हणून त्यावरून लाट फारशी उलटत नाही. पण बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. पाणी आणि हवा यांच्या सीमेवरून ध्वनी जोरात परततो. म्हणजे मासा जिच्यामुळे तरंगतो तीच त्याचा पत्ता सांगते. परतलेली लाट डॉल्फिन ऐकतो जबड्याने. खालच्या जबड्याचे मागचे हाड पातळ असते आणि आतली चरबी लाट थेट कानाच्या हाडांपर्यंत पोहोचवते. पाण्यात बुडी मारल्यावर आवाज कोणत्या बाजूने आला हे आपल्याला कळत नाही, कारण तो कवटीत सगळीकडून घुसतो. डॉल्फिनच्या कानांची हाडे कवटीपासून सुटी असतात, भोवती हवेने भरलेल्या पोकळ्या असतात, म्हणून डावे-उजवे वेगळे राहते.

मासा १५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २० मिलिसेकंद. प्रतिध्वनी आल्यावर थोडे थांबून पुढची क्लिक सुटते. अंतर घटत गेले तसा क्लिकांचा वेग वाढतो आणि अगदी झडपेच्या क्षणी तो सेकंदाला शेकड्यांवर जातो. हवाई बेटांवर बॉटलनोज या दुसऱ्या जातीच्या डॉल्फिनवर झालेल्या प्रयोगात ७.६ सेंटिमीटर व्यासाचा पोलादी गोळा ११३ मीटरवरून ओळखला गेला.

या सगळ्याची पहिली कुणकुण लागली ती जाळ्यांमुळे. फ्लोरिडातल्या एका मत्स्यालयाचे आर्थर मॅकब्राइड यांनी १९४७ मध्ये टिपून ठेवले की काळोख्या रात्री, गढूळ पाण्यातही डॉल्फिन बारीक आसाची जाळी चुकवतात. पुढे अमेरिकी सागरी जीवशास्त्रज्ञ केनेथ नॉरिस आणि सहकाऱ्यांनी डॉल्फिनच्या डोळ्यांवर रबरी झाकणे लावून पाहिले, तरी तो अडथळ्यांतून सहज पोहत गेला.

मग आज डॉल्फिन जाळ्यात मरतात कसे? पातळ नायलॉनचा एकेरी धागा ध्वनी फार कमी परतवतो. त्यात माशाच्या मागे असताना सगळा झोत माशावरच रोखलेला. शिवाय बोटींच्या पंख्याभोवती फुटणाऱ्या बुडबुड्यांचा गोंगाट उंच वारंवारतांपर्यंत पोहोचतो आणि क्षीण प्रतिध्वनी त्यात बुडून जातात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ही जात ‘संकटग्रस्त’ आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असूनही बोटी त्यांच्या कळपात घातल्या जातात, कारण डॉल्फिन ‘हसतो’ आहे, त्याला माणसे आवडतात, असा समज. ते हसू नव्हे, जबड्याची ठेवण आहे. मेलेल्या डॉल्फिनचा चेहराही तसाच दिसतो.

पुढच्या वेळी पाठ दिसली तर बोट मागे लावायला सांगू नका. फोटो चेहऱ्याचा नको, पाठीवरच्या पराचा काढा, शक्यतो बाजूने. पराच्या कडेवरच्या खाचा आणि ओरखडे प्रत्येक डॉल्फिनचे वेगळे असतात आणि अभ्यासक त्यावरूनच एकेकाला ओळखतात. सोबत तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवले, तर तोच प्राणी त्याच खाडीच्या तोंडाशी वर्षानुवर्षे राहतो आहे का, हे त्यातून कळू शकते.