नियम नंतर आले, मित्र आधी

कॉलेजमधल्या एलजीबीटी मुलामुलींच्या पाठीशी उभं राहणारे गट आज अनेक शहरांत दिसतात. त्यामागचा इतिहास सांगताना मला सुरुवात करावीशी वाटते ती मराठीच्या एका प्राध्यापकांपासून.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस मूळचे नागपूरचे. कविता लिहायचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या क्वार्टरमध्ये घुसले आणि ते एका पुरुषासोबत असताना चित्रण केलं. विद्यापीठाने निलंबित केलं ते सिरसांनाच, वर क्वार्टर रिकामं करायला सांगितलं. खरं तर २ जुलै २००९ लाच दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून वगळले होते. १ एप्रिल २०१० ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला सिरस भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. कोर्टाचा निकाल बाजूने होता. पण रोज ज्यांच्यात वावरायचं, त्या सहकाऱ्यांपैकी उघडपणे सोबत आलेले मोजकेच.

२०११ मध्ये आयआयटी मुंबईत ‘साथी’ हा गट सुरू झाला. पण ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला आणि हे संबंध पुन्हा गुन्हा ठरले. अशा काळात कॅम्पसवर चर्चा ठेवायची, पोस्टर लावायचं, रेक्टरांशी बोलायला मित्रासोबत जायचं, याला धाडस लागायचं. समलिंगी नसलेल्यांनाही, कारण पहिला प्रश्न यायचा, ‘तूही त्यातलाच का रे?’ या प्रश्नावर घाईघाईने ‘छे, मी नाही’ न म्हणणं हीसुद्धा मोठी मदत असते, असं माझं मत.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या मुंबई कॅम्पसमध्ये विद्यार्थ्यांच्या मागणीनंतर २०१७ मध्ये मुलींच्या वसतिगृहाचा तळमजला सर्व लिंगओळखींसाठी खुला झाला. मे २०१८ मध्ये तर वेगवेगळ्या आयआयटींमधल्या वीस आजी-माजी विद्यार्थ्यांनी ३७७ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. कलम तेव्हा लागू होतं, तरी त्यांनी स्वतःची नावं दिली. ६ सप्टेंबर २०१८ ला निकाल लागला आणि सज्ञानांचे संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले.

या सगळ्यात एक बदल फारसा गाजावाजा न होता झाला. २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगची व्याख्या वाढवली. जात, धर्म, भाषा, रंगरूप यांच्या जोडीला लैंगिक कल आणि ट्रान्सजेंडर असणं यांवरून केलेला छळही त्यात आला, आणि कुणाला वाळीत टाकणंसुद्धा. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक रॅगिंगविरोधी हमीपत्रावर सह्या करतात, ती याच नियमांखाली. वाचतो कोण म्हणा! आणि तक्रार छळ झालेल्यानेच करायला हवी असंही नाही. शेजारच्या खोलीतला मित्र हेल्पलाइनला फोन करू शकतो.