थेंब सांडला नाही, तरी ब्रेक खाली

टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट पडलं की शहाणा बेळगावकर गाडी बंद करतो. मी इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर अलगद पाय टेकवून मालगाडीचे डबे मोजत बसलो होतो. विसाव्या डब्याच्या सुमाराला पायाखालचं पेडल हळूहळू खाली चाललंय असं वाटलं. पाहतो तर गाडी पुढच्या रिक्षाकडे सरकतेय. दचकून जोरात दाबलं, तर पेडल टणक, गाडी जागच्या जागी. पाय सैल केला की पुन्हा घसरण.

घरी येऊन चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवला. सगळं कोरडं. बॉनेट उघडलं, तर डबीतलं ब्रेक ऑइल खुणेवर होतं तसंच. तेल गेलं नाही, मग पेडल जातंय कुठं?

पेडल दाबलं की पायाचा जोर मास्टर सिलेंडरमधल्या दट्ट्यावर येतो. समजा, पायानं 20 किलोचा जोर लावला. पेडलच्या तरफेमुळे तो पाचपट, म्हणजे 100 किलो झाला. दट्ट्याचा व्यास 20 मिलिमीटर असेल, तर तेलावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण 32 किलोचा दाब येतो. ब्लेझ पास्कालनं 17व्या शतकात सांगितल्याप्रमाणे बंद द्रवातला हा दाब सगळीकडे सारखाच पोचतो. पुढच्या चाकाच्या कॅलिपरमधला (चाकाची तबकडी चिमटून धरणाऱ्या भागातला) दट्ट्या 50 मिलिमीटरचा धरला, तर तिथं 600 किलोंच्या वर जोर मिळतो. इंजिन चालू असताना पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदत यात धरलेलीच नाही. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे पंप नि व्हॉल्व्ह घडवणाऱ्यांना हे गणित मी सांगायला नको.

हे सगळं एका अटीवर चालतं. तेल दट्ट्याच्या पुढंच अडून राहिलं पाहिजे. ते अडवतात रबराच्या छोट्या वाट्या. मिस्त्री लोक त्यांना वायसर म्हणतात. वाटीची कड झिजली किंवा चिरली की तेल तिच्या बाजूनं मागं सटकतं आणि तिथून परत डबीत जातं. म्हणून बाहेर थेंब नाही आणि पातळीही तीच. मिस्त्रीनं दोन मिनिटं पेडल धरून पाहिलं आणि म्हणाला, "सर, तेल बाहेर जाऊनाच झालंय. आतल्या आत फिरूलंय. वायसर गेल्यात बघा."

मग जोरात दाबल्यावर ब्रेक लागतो कसा? मला सगळ्यात गंमत याचीच वाटली. वाटीचं तोंड दाबाकडे असतं. दाब वाढला की तिची कड फाकून सिलेंडरच्या भिंतीला घट्ट चिकटते. हलक्या दाबाला ती सैल राहते आणि तेलाला वाट मिळते. म्हणजे थकलेली वाटी जोरदार ब्रेकला साथ देते आणि गेटवर उभं असताना दगा देते. ‘एरवी तर चांगला लागतो’ म्हणून माणूस गाडी तशीच दामटतो. वाटी पुढं कधी फाटेल ते मात्र ती सांगून फाटत नाही.

पेडल खाली जाण्याची कारणं आणखीही आहेत, पण त्यांची चाल वेगळी असते. भराभर दोन-तीनदा पंप मारल्यावर पेडल वर येत असेल, तर आत हवा शिरली आहे किंवा मागच्या ड्रममधले लायनर लांब राहिलेत. डबीतली पातळी उतरत असेल, तर पाइप, होज नि व्हील सिलेंडर पाहावेत. कधी कधी तेल मास्टरच्या मागून बूस्टरमध्येही झिरपतं. इंजिन चालू केल्यावर पेडल किंचित खाली जातं, तो मात्र दोष नव्हे, बूस्टर कामाला लागल्याची खूण आहे.

चोर्ला घाटाचा मामला निराळा. हजार किलोची गाडी 600 मीटर खाली उतरली, तर सुमारे 59 लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जायलाच हवी. तेवढ्या ऊर्जेत 17 लिटर पाणी उकळीला येईल. बारक्या गिअरचा आधार न घेता नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर त्यातली बरीच उष्णता चाकांशी साठते. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषतं. डॉट 3 प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो, 3.7 टक्के पाणी मुरल्यावर तो 140 अंशांवर घसरला तरी मानकाला चालतं. तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते आणि पेडल तळाला जातं. गाडी तासभर थांबवली की ब्रेक पुन्हा शहाण्यासारखा वागतो. गेटवरची माझी गाडी थंडच होती.

हेच मुरलेलं पाणी सिलेंडरलाही आतून खातं. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात वावरणाऱ्यांनी दोन वर्षांनी तेल बदलावं, ते यासाठी. दट्ट्या रोज जेवढा फिरतो तेवढा भाग गुळगुळीत राहतो, पुढं गंज साचतो. तेलात शिरलेली हवा काढताना कुणी पेडल थेट तळाला नेलं की वाटी त्या खरबरीत भागावर घासून फाटते. मग ‘मिस्त्रीनं हवा काढली आणि ब्रेकच घालवला’ अशी बोंब होते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळतं.

आमच्या सिलेंडरला आत खड्डे पडले होते, म्हणून नुसतं वाट्यांचं किट न टाकता अख्खा मास्टर बदलला. अशा सिलेंडरमध्ये नव्या वाट्या घालून पैसे वाचत नाहीत. नव्यातली हवा आधी टेबलावरच काढली. मग पोऱ्या पेडलवर बसला आणि मिस्त्री चाकाखाली. इथली हवा कानडीत निघते. "ओत्तु!" म्हटलं की पोऱ्या दाबणार, "हिडी!" म्हटलं की दाबून धरणार. मग मिस्त्री चाकाजवळचं हवा सोडायचं निपल सैल करणार, नळीतून काळपट तेल बुडबुड्यांसकट बाटलीत उतरणार, निपल पुन्हा आवळलं की "बिडु!", म्हणजे सोड. हा क्रम चुकून पोऱ्यानं पाय आधी सोडला, तर हवा उलट आत. मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, हा सर्वसाधारण रिवाज. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो.

शेवटी डबी भरताना तेलाचे चार थेंब मडगार्डवर पडले. मी फडकं पुढं केलं. मिस्त्रीनं ते बाजूला सारलं आणि तांब्याभर पाणी ओतलं. हे तेल रंग सोलून काढतं, पण पाण्यात लगेच मिसळतं.