विंचवाच्या विषातील प्रादेशिक भेद

एकाच जातीच्या विंचवांचे विष प्रदेशागणिक घटकांत, तीव्रतेत आणि दंशानंतरच्या लक्षणांत वेगळे आढळते. यालाच विषातील प्रादेशिक भेद म्हणतात. विंचवाचे विष हा एकच पदार्थ नसून क्षार, श्लेष्मल द्रव्ये, काही विकरे (एन्झाइमे) आणि असंख्य पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) यांचे ते मिश्रण असते. माणसाला त्रास होतो तो त्यांतल्या मोजक्या पेप्टाइडांमुळे. सुमारे ६० ते ७० अमिनो आम्लांची पेप्टाइडे चेतापेशींच्या सोडियम मार्गिकांवर (पेशीच्या पटलातील सोडियम आयनांच्या वाटांवर) काम करतात, त्यांहून आखूड असलेली पोटॅशियम मार्गिकांवर. या मोजक्यांचे प्रमाण थोडे जरी हलले, तरी दंशाचे स्वरूप पालटू शकते.

भारतातील लाल विंचू (हॉटेन्टोटा टॅम्युलस) हे याचे चांगले उदाहरण आहे. कोकणची दमट किनारपट्टी आणि दख्खनचे कोरडे पठार यांच्यामध्ये केवळ सह्याद्रीची भिंत आहे. तरीही कोकणातील दंश अधिक जीवघेणा ठरतो, असा वैद्यकीय अनुभव होता. मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वस्तुमानावरून घटक ओळखण्याच्या पद्धतीने) दोन्हीकडच्या विषांची तुलना करून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कित्येक पेप्टाइडे एकाच बाजूच्या विषात सापडली. पश्चिम आणि दक्षिण भारतातील लाल विंचवांच्या विषातील प्रथिनांतही फरक दिसला आहे.

ब्राझीलमधील पिवळा विंचू (टिटियस सेरुलॅटस) जास्तच कोड्यात टाकतो. याच्या बहुतेक वस्त्यांत नर नसतातच. मादी अनिषेकजननाने, म्हणजे नराशिवायच, पिलांना जन्म देते. अशा वंशात पिढ्यान्‌पिढ्या फारसा बदल होऊ नये. पण मिनास जेराइस राज्यातील विंचवांच्या मानाने राजधानी ब्राझिलियाभोवतीच्या जिल्ह्यातील विंचवांचे विष सौम्य असल्याचे प्रयोगांत दिसले. ॲमेझॉन खोऱ्यातील टिटियस ऑब्स्क्युरस या विंचवाच्या बाबतीत तर लक्षणेच निराळी आहेत. पूर्वेला बेलेमच्या बाजूला दंशाच्या जागी वेदना आणि बधिरता असा त्रास मुख्यतः होतो. पश्चिमेला सांतारेमच्या भागात रुग्ण अंगातून विजेचा झटका गेल्यासारखे वाटल्याचे सांगतात, स्नायूंना आचके येतात, चालताना तोल जातो आणि जीभ जड होते.

भेदाची कारणे शोधताना पहिला प्रश्न विचारावा तो असा : हे विंचू खरोखर एकाच जातीचे आहेत का? उत्तर आफ्रिकेपासून अरबस्तान आणि तुर्कस्तानपर्यंत आढळणारा लेयुरस क्विन्क्वेस्ट्रिएटस दीर्घकाळ एकच जाती मानला जाई. २००२ नंतर, आणि विशेषतः २०१४ मधील फेरमांडणीत, त्यातून अनेक स्वतंत्र जाती वेगळ्या काढल्या गेल्या. त्यामुळे या विंचवाबद्दल जुन्या लेखनात ‘प्रादेशिक’ म्हणून नोंदलेले फरक जातीजातींमधलेही असू शकतात. जुनी कोष्टके वाचताना ही शंका मनात ठेवलेली बरी.

जाती एकच असली तरी भेदाला वाव उरतो. विषाच्या जनुकांच्या अनेक प्रती तयार होतात आणि त्या स्वतंत्रपणे बदलत जातात. शिवाय कोणते जनुक किती कार्यरत राहते, हेही ठिकाणानुसार बदलते. भक्ष्य, हवामान आणि शत्रू यांचा दाब सर्वत्र सारखा नसतो. ऑस्ट्रेलियात हॉर्म्युरस वायगीएन्सिस या विंचवांना सहा आठवडे शत्रू म्हणून पुढे केलेल्या, पेंढा भरलेल्या मृत उंदराला तोंड द्यावे लागले, तेव्हा त्यांच्या विषाची घडण बदलली. भक्ष्य बदलल्याने मात्र तसा बदल झाला नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगामुळे प्रदेशाचा परिणाम एकाच विंचवाच्या आयुष्यातही घडू शकतो, हे दिसले.

मोजमापातही खोच आहे. दक्षिण आफ्रिकेतील पॅराब्युथस ट्रान्सव्हालिकस नांगीतून आधी पोटॅशियमयुक्त स्वच्छ द्रव सोडतो आणि दुधाळ, पेप्टाइडयुक्त विष नंतर येते. पहिला थेंब घेतला की शेवटचा, विजेचा सौम्य धक्का देऊन विष काढले की हाताने, नर किती होते आणि माद्या किती, यांवर निष्कर्ष बदलतात. प्रयोगातील निम्मे प्राणी दगावण्यास लागणारी मात्रा, म्हणजे अर्धमारक मात्रा, ही तुलनेची रूढ पट्टी. पण प्राणी कोणता आणि विष टोचले कुठे, हे सारखे नसेल तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

याचा थेट संबंध प्रतिविषाशी, म्हणजे विष निकामी करणाऱ्या औषधाशी, येतो. घोड्यांना विष टोचून तयार केलेले प्रतिविष त्याच विषातील घटकांना चांगले अडवते. दुसऱ्या भागातील विषात वेगळे घटक असले, तर त्याचा गुण कमी पडू शकतो. म्हणून मेक्सिकोत सेंट्रुरॉइडिस प्रजातीतील अनेक जातींचे विष एकत्र करून प्रतिविष बनवतात. औषधाने विषाऐवजी शरीराच्या प्रतिक्रियेवर उपाय केला, तर ही अडचण बरीचशी टळते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात लाल विंचवाच्या दंशावर वापरात आणलेले प्राझोसिन हे औषध याच प्रकारचे आहे. विषामुळे उसळलेल्या संप्रेरकांचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम ते रोखते, मग विषातील पेप्टाइडांचे प्रमाण काहीही असो. तरीही प्रतिविष निरुपयोगी ठरत नाही : २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या प्राझोसिनपेक्षा दोन्ही एकत्र दिलेले रुग्ण लवकर सावरले.