पाय अडकला की घड्याळ थांबतं

ज्यूदोत उके (ज्याच्यावर डाव टाकला जातो तो) उताणा पडला आणि तोरीने (डाव टाकणाऱ्याने) त्याला वरून जखडलं, की पंच 'ओसाएकोमी', म्हणजे 'जखडलं', म्हणतात आणि घड्याळ सुरू होतं. १० सेकंद धरलं तर वाझा-आरी, म्हणजे अर्धा विजय, २० सेकंद धरलं तर इप्पोन, म्हणजे लढत तिथेच संपली. पण मधेच उकेने आपल्या दोन्ही पायांत तोरीचा एक पाय अडकवला, तर 'तोकेता', म्हणजे 'सुटलं'! घड्याळ बंद. तोरीची छाती, हात, पकड सगळं जागच्या जागी असतं. मग एका पायाचं एवढं काय?

सुटण्यासाठी उके टाचा रोवून कंबर झटक्यात उचलतो आणि तोरीला एका कुशीकडे लोटतो. तोरी त्याच बाजूला पाय पसरतो आणि वाचतो. केसा-गातामेत शेजारी बसून मान आणि हात कवटाळतात, तेव्हा पाय कात्रीसारखे लांब फाकलेले असतात ते याचसाठी. तो पायच अडकला तर टेकू गेला. शिवाय उकेच्या कमरेला जोर लावायला काहीतरी सापडलं, हे त्याहून वाईट.

ताते-शिहो-गातामे, म्हणजे उकेच्या धडावर मांड ठोकणं, मला सगळ्यांत बोलकं वाटतं. ज्यूदोत इथे छातीला छाती भिडवून पडून राहतात. ब्राझिलियन जिउ-जित्सू या ज्यूदोतूनच निघालेल्या कुस्तीत अशी मांड ठोकण्याला ४ गुण आहेत, पण हल्ला करायला खेळाडू बरेचदा ताठ बसतो. समजा, गुडघ्यांमधलं अंतर ६० सेंटिमीटर आहे. गुरुत्वमध्य २० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर तोरी उलटायला त्याला साधारण ५६ अंश कलवावं लागेल. तोच ५० सेंटिमीटरवर गेला, तर ३१ अंश पुरतात. माणूस काही लाकडी ठोकळा नव्हे, तो तोल सावरतो. तरी ताठ बसण्याची किंमत एवढी मोठी आहे. बदल्यात हात मोकळे मिळतात.

पोटावर गुडघा रोवण्याचा हिशेबही तसाच. वजन इवल्याशा जागेवर एकवटतं, म्हणून दाब भयंकर. तोरी क्षणात उठू शकतो, पण गुरुत्वमध्य उंच आणि आधार अरुंद. जिउ-जित्सूत याला २ गुण, ज्यूदोत ओसाएकोमी नाही. योको-शिहो-गातामेत, म्हणजे बाजूने आडवं पडून छातीने दाबण्यात, उलट. तिथे तोरी गुडघे उचलून चवड्यांवर येतो, तेव्हा जमिनीवरचा भार उकेच्या छातीवर सरकतो आणि बरगड्या फुलवून श्वास घेणं जड जातं.

पाठीवरचा ताबा मात्र या मापात बसतच नाही. उके पालथा असतो, पाठ टाटामीला (खालच्या गादीला) टेकलेली नसते, त्यामुळे घड्याळ सुरूच होत नाही. जिउ-जित्सूत त्याला मांड ठोकण्याइतकेच ४ गुण मिळतात. ज्यूदोतही तिथून हादाका-जिमे, म्हणजे मागून हातांनी गळा आवळण्याचा डाव, लागला, तर इप्पोनसाठी २० सेकंद मोजावे लागत नाहीत. मागून येणारा हात उकेला दिसत नाही, आणि त्याचे स्वतःचे हात तर पुढच्याच बाजूला चालतात.