साधी सरासरी आणि परिणामी सरासरी: पिस्टनच्या उष्णता विश्लेषणात वायूचे तापमान कोणते धरावे?

पिस्टनच्या उष्णता विश्लेषणात क्राउनवर, म्हणजे ज्वलनाकडच्या वरच्या पृष्ठभागावर, सीमा-अटी (त्या पृष्ठभागावर बाहेरून काय घडते याची माहिती) लावताना दोन आकडे द्यावे लागतात, एक उष्णता हस्तांतरण गुणांकाचा (वायूकडून धातूकडे उष्णता किती सहज जाते याचे माप) आणि दुसरा वायूच्या तापमानाचा. सिलिंडरमधील वायूचे तापमान चार स्ट्रोकच्या एका चक्रात प्रचंड बदलते, पण धातूला तो बदल फारसा जाणवत नाही. २००० आरपीएमवर एक चक्र ६० मिलिसेकंदांत संपते आणि तेवढ्या वेळात ॲल्युमिनियमच्या पिस्टनमध्ये तापमानाचा चढउतार पृष्ठभागाखाली साधारण एक मिलिमीटरवरच जवळपास एकतृतीयांश उरतो. म्हणून स्थिर अवस्थेचे, म्हणजे वेळेनुसार तापमान बदलत नाही असे मानून केलेले, विश्लेषण पुरते आणि त्यासाठी चक्राची सरासरी घ्यावी लागते. प्रश्न एवढाच, की कोणती सरासरी?

साधी सरासरी म्हणजे ७२० अंशांच्या क्रँक कोनावर (एका चक्रातील क्रँकशाफ्टचे दोन फेरे) तापमानाची बेरीज करून, तिला ७२०ने भागून काढलेले मूल्य. परिणामी तापमान काढताना मात्र प्रत्येक क्षणाच्या तापमानाला त्या क्षणीच्या गुणांकाने गुणतात, त्यांची बेरीज करतात आणि तिला गुणांकांच्या बेरजेने भागतात. दोन्ही आकडे केल्व्हिनमध्येच येतात, दोन्हींना बोलताना ‘सरासरी वायू-तापमान’ म्हटले जाते आणि गोंधळ तिथेच होतो.

फरक किती पडतो, हे समजण्यासाठी मुद्दाम सोपे केलेले उदाहरण घेऊ. चक्राचे ६०० अंश वायू ६०० केल्व्हिनवर असून गुणांक २०० आहे, तर ज्वलनाच्या आसपासच्या उरलेल्या १२० अंशांत तापमान १८०० केल्व्हिन आणि गुणांक १५०० आहे (गुणांकाचे एकक वॅट प्रति चौरस मीटर केल्व्हिन). साधी सरासरी ८०० केल्व्हिन येते, परिणामी तापमान १३२० केल्व्हिन. सरासरी गुणांक दोन्हीकडे सुमारे ४१७ आहे. क्राउन ५५० केल्व्हिनवर असेल, तर पहिल्या आकड्याने उष्णता-प्रवाह प्रति चौरस मीटर सुमारे १०४ किलोवॅट निघतो आणि दुसऱ्याने ३२१, म्हणजे तिप्पट. खरा आकडा दुसराच आहे, कारण वायू सर्वांत तापलेला असतो त्याच वेळी दाबही वाढलेला असतो आणि गुणांक उसळलेला असतो. सिलिंडरमधील हा गुणांक काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वोश्नी यांच्या १९६७च्या सूत्रातही तो दाबाच्या ०.८ घाताप्रमाणे वाढतो.

माझ्या मते या चुकीचा खरा धोका ती लपून राहते यात आहे. साध्या सरासरीने क्राउनचे तापमान मोजमापापेक्षा कमी येते, मग ते जुळवण्यासाठी तेलाच्या बाजूचा किंवा रिंगांजवळचा गुणांक कमी केला जातो आणि एका बिंदूवरचा आकडा जुळतोही. परंतु पिस्टनमधून वाहणारी उष्णता कमीच राहते, त्यामुळे क्राउनपासून स्कर्टपर्यंतचा (पिस्टनची खालची बाजूची भिंत) तापमानाचा उतार कमी भासतो आणि त्यावर अवलंबून असलेले औष्णिक ताणही कमी निघतात. भार बदलला, की हे जुळवलेले गुणांक उपयोगाचे राहत नाहीत.

यासाठी जुळवणी किमान दोन ठिकाणी, क्राउनच्या मध्याशी आणि पहिल्या रिंगच्या खाचेमागे, तपासून पाहावी. अर्थात परिणामी तापमान बरोबर काढले तरी वोश्नी यांचे सूत्र संपूर्ण पृष्ठभागाचा एकच गुणांक देते. डिझेल पिस्टनमधील बाऊलच्या (क्राउनमधला वाटीसारखा खळगा) काठावर प्रत्यक्षात तो अधिक असतो, आणि ती विभागणी वेगळी ठरवावी लागते.