उन्हाने पुसलेलं रक्त

‘आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय? आता दुर्बीण नको, घरबसल्या संडासची तपासणी पुरे!’ असा मेसेज सध्या आमच्या लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर फिरतोय. दुर्बिणीची, म्हणजे गुदद्वारातून नळी घालून आतडं बघायच्या कोलोनोस्कोपीची, धास्ती समजू शकते. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते खारट औषध घशाखाली उतरत नाही, रात्रभर खेपा, आणि सकाळी एसटीने शहर गाठायचं. पण म्हणून मेसेज खरा ठरत नाही. ऑपरेशननंतर वर्षाने दुर्बीण, ठीक असेल तर पुढची ३ वर्षांनी, मग ५ वर्षांनी, हे वेळापत्रक अजून तरी कायम आहे.

मळात न दिसणारं रक्त शोधणारी ही तपासणी मात्र भलतीच हुशार आहे. जुन्या ग्वायॅक चाचणीला मटणातलं रक्त आणि माणसाचं रक्त यांतला फरक कळत नसे. कच्च्या मुळ्यानेही ती फसायची. नव्या ‘फिट’ चाचणीतल्या अँटिबॉडी फक्त मानवी ग्लोबिन ओळखतात. ग्लोबिन म्हणजे हिमोग्लोबिनमधलं प्रथिन. जठरातून आलेल्या रक्तातलं ग्लोबिन वाटेतच पचून जातं, त्यामुळे सापडतं ते बहुतेक मोठ्या आतड्यातलंच. खाचा असलेल्या काडीने जेमतेम १० मिलिग्रॅम नमुना घ्यायचा आणि नळीतल्या द्रावणात बुडवायचा. प्रयोगशाळेत अँटिबॉडी चिकटवलेले लॅटेक्सचे सूक्ष्म कण त्यात मिसळतात. एकेक ग्लोबिन दोन-तीन कणांना धरतं, कणांच्या गुठळ्या होतात, द्रावण गढुळतं आणि प्रकाश कमी पार होतो. किती कमी, त्यावरून रक्त मोजतात. एक ग्रॅम मळात २० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन ही बऱ्याच ठिकाणची मर्यादा.

आता खरी गोम. अँटिबॉडी ग्लोबिनचा विशिष्ट आकार ओळखते. उष्णतेने आणि मळातल्या जिवाणूंच्या एन्झाइमांनी तो आकारच मोडला, तर रक्त असूनही गुठळी होत नाही. द्रावणात टिकाऊपणाची रसायनं असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. इटलीत फ्लॉरेन्सच्या तपासणी मोहिमेत हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात पॉझिटिव्ह निकाल कमी आले होते. तिथला उन्हाळा तो केवढा! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, आणि नळी दुचाकीच्या डिकीत तापत पडलेली असते. असा ‘निगेटिव्ह’ कागद बघून निर्धास्त होऊ नका. नमुना फ्रिजमध्ये ठेवा, थंड पिशवीतून न्या आणि लवकर पोचवा.

पॉझिटिव्ह आली तर दुर्बीण चुकत नाहीच. ऑपरेशन झालेल्या माणसाला पुन्हा रक्त दिसलं की ‘मूळव्याध असेल’ म्हणत स्टँडसमोरच्या ‘एका दिवसात खात्रीशीर’ पाटीखाली जाणारे आहेत; त्यात महिने जातात.

संडासच्या तपासणीने दुर्बिणींची संख्या कमी करता येईल का, हे नेदरलँड्समध्ये पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरची गाठ) किंवा कॅन्सर होऊन गेलेल्यांवर तपासलं गेलंय, आणि शक्यता दिसते आहे. पण परतणारा कॅन्सर कित्येकदा आतड्यात येतच नाही. यकृतात किंवा फुप्फुसात रुजलेली गाठ मळात रक्त सोडत नाही. तिच्यासाठी पहिली काही वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी सीईएची (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा सीटी स्कॅन करावा लागतो.